बाबांच्या फोटोतलं लिबरेटर नेमकं कुठलं?

मधुमालती

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या रविवारी माळ्यावरची त्यांची काळी पत्र्याची ट्रंक खाली काढली. एअरफोर्सचे कागद, टोपीचा बिल्ला, कापडात गुंडाळलेला एक पाना आणि फोटोंचं पाकीट. बाबा इंजिन फिटर होते. साठच्या दशकात लोहगावला सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होते, लिबरेटर विमानांवर.

एक फोटो सोबत टाकलाय. पोस्टकार्डाएवढा, कृष्णधवल. मागे ते अवाढव्य विमान, पुढे डांगरी घातलेले सात जण. डावीकडून दुसरे बाबा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हातात तेलकट चिंध्यांचा बोळा. विमानाच्या शेपटीजवळ नंबर दिसतो: एच, ई, ८, मग एका उंच माणसाचा खांदा आडवा आलाय, आणि पुढे ७.

भाच्याने शोध घेतला. एचई ८०७ आज लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाईदल) म्युझियममध्ये आहे आणि एचई ८७७ अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा म्युझियममध्ये. बाबांचे हात लागलेलं विमान अजून जगात उभं आहे, हे ऐकून आई रडली. म्हणाली, पासपोर्ट काढू या. दोघांपैकी नेमकं कुठलं हे कसं ओळखायचं? आणि फोटो त्या म्युझियमला पाठवायचा तर कुणाला लिहायचं?

भर_दुपारी

ताई, अंगावर काटा आला वाचून. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचत राहणार.

टिपणवही

मधुमालती ताई, फोटो मोठा करून पाहिला. मी बरीच वर्षं संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी ठेवण्याचं काम केलं. त्या सवयीने आधी एक विनंती करतो: हे ८०७ किंवा ८७७ आहे असं मनात धरून बसू नका. खांद्यामागे शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही आकडा असू शकतो. तुमच्या भाच्याला दोनच सापडले, कारण तशा नंबराची दोनच उरली. जी भंगारात गेली त्यांच्याबद्दल कोण लिहून ठेवणार? उरलेलं तेवढंच आपल्याला दिसतं आणि मग सगळे फोटो त्याच दोन विमानांचे वाटायला लागतात.

आईंना हे आत्ताच सांगा. उशिरा कळलं तर जास्त लागेल.

आता या विमानांची हकीकत, कारण तिच्यावाचून नंबराचा घोळ कळणार नाही. लिबरेटर ही अमेरिकन बॉम्बर. १८ हजारांहून अधिक बनली. ब्रिटिशांना ती उसनवारीच्या करारावर मिळाली होती. युद्ध संपल्यावर परत तरी द्यायची, नाहीतर निकामी तरी करायची. इथली बरीचशी कानपूरला, चकेरीच्या तळावर, मुद्दाम निकामी करून सोडून दिली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला लांब पल्ल्याचं बॉम्बर हवं होतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून उडू शकतील अशी विमानं उभी केली. याचा पंख, त्याची शेपटी, तिसऱ्याचं इंजिन. कारखान्याचे टेस्ट पायलट मुन्शी ती एकेक करून बंगळूरला उडवत घेऊन गेले. चाळीसच्या आसपास विमानं अशी जगली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर पाच नंबरचं स्क्वाड्रन उभं राहिलं आणि १९५१ मध्ये पुण्याला तुमच्या बाबांचं सहा नंबर. ३१ डिसेंबर १९६८ ला शेवटची निवृत्त झाली.

म्हणजे फोटोतला नंबर जरी पूर्ण वाचता आला तरी ते विमान म्हणजे एकच विमान नाही. असं विमान ताब्यात आलं की क्युरेटर आधी रंगाकडे बघत नाही. सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेल्या पट्ट्या शोधतो, पुढच्या भागाची पट्टी आणि मागच्या भागाचे आकडे जुळतात का ते पाहतो. बऱ्याचदा जुळत नाहीत.

विमाननगरकर

वा, काय माहिती! लोहगावच्या धावपट्टीजवळून रोज जातो, हे माहीतच नव्हतं.

टिपणवही, एक विचारतो. ही विमानं परदेशात गेल्यावर त्यांच्यावर आपल्या हवाईदलाचं तिरंगी चक्र का दिसत नाही? अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनने आपल्याकडचंच एक लिबरेटर नव्याने बांधून १९८९ मध्ये उडवलं. त्याला आधी 'ऑल अमेरिकन' असा रंग दिला, मग 'द ड्रॅगन अँड हिज टेल', मग २००५ मध्ये 'विचक्राफ्ट'. तिन्ही रंग युद्धातल्या दुसऱ्याच विमानांचे. युद्धात ते विमान किती दिवस उडलं असेल? आपल्याकडे वीस वर्षं होतं. ज्यांनी वीस वर्षं त्याच्या नटबोल्टांची काळजी घेतली त्यांचा एक ठिपकासुद्धा त्याच्या अंगावर नसावा, हे मला फार लागतं.

नॉर्थ_हॅरो

मी लंडनला, हेंडनच्या त्या आरएएफ म्युझियमपासून बसने अर्ध्या तासावर राहतो. तिथलं लिबरेटर म्हणजे ताई म्हणतात तेच एचई ८०७. पण अंगावर नंबर आहे केएन ७५१, म्हणजे ब्रिटिशांच्या सेवेतला. युद्धाच्या शेवटी ते हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर ९९ स्क्वाड्रनमध्ये होतं. १९७४ मध्ये भारतातून उडत उडत इंग्लंडला आलं. निदान तो नंबर त्याचा स्वतःचा आहे, उसना नाही.

माझा मुलगा सात वर्षांचा होता तेव्हा त्याला तिथे नेलं होतं. विमानाच्या पोटाखाली उभं राहून त्याला सांगितलं, हे आपल्या पुण्यात होतं. त्याने विचारलं, मग परत कधी जाणार? मला उत्तर देता आलं नाही.

टिपणवही

विमाननगरकर, तुमचं दुखणं खरं आहे. या कामात यावर जितके वाद झालेत तितके दुसऱ्या कशावर झाले नसतील. एका विमानाची तीन-चार आयुष्यं असतात आणि अंगावर रंग एकाच आयुष्याचा बसतो. कुठला निवडायचा हे बहुतेक वेळा पैसे देणारा आणि तिकीट काढून येणारा ठरवतो. क्युरेटरचं काम असं की निवड झाली तरी बाकीची आयुष्यं पुसली जाऊ नयेत.

म्हणून जुना रंग सरसकट खरवडायचा नसतो. एक हातभर जागा निवडतात आणि बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासत एकेक थर उघडतात. कांदा कापल्यासारखी वर्तुळं दिसू लागतात: वरचा राखाडी, खाली चंदेरी, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळट प्रायमर. प्रत्येक थराचा फोटो, प्रत्येक थराची नोंद. कधी त्या वर्तुळात जुन्या आकड्याची एक कड उमटते. मी हे एका ट्रेनर विमानाच्या दारावर केलंय. चार इंचांच्या तुकड्याला दोन दिवस लागले आणि दुसऱ्या संध्याकाळी एका अक्षराचा पाय दिसला. हात थरथरत होते माझे.

आणि कधी कधी काहीच न करणं हाच निर्णय असतो. हॅलिफॅक्स डब्ल्यू १०४८ हे ब्रिटिश बॉम्बर एप्रिल १९४२ मध्ये टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्यात जखमी होऊन नॉर्वेच्या गोठलेल्या तळ्यावर उतरलं आणि बर्फ वितळल्यावर बुडालं. १९७३ मध्ये ते वर काढलं. नवंकोरं करायचा मोह किती झाला असेल! पण आरएएफ म्युझियमने ते तळ्यातून आलं तसंच, चेपलेलं, गंजलेलं ठेवलं. नवा पत्रा लावला असता तर त्या रात्रीची खूण कुठे राहिली असती?

दुसरं उदाहरण २०१३ चं. इंग्लिश खाडीतल्या गुडविन सँड्सवरून जर्मन डॉर्निअर १७ उचललं. सत्तर वर्षं खाऱ्या पाण्यात. असं ॲल्युमिनियम हवेत आलं की भराभर सडतं, कारण मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं. आरएएफ म्युझियमच्या कॉसफर्डच्या शाखेत प्लास्टिकचे बोगदे उभारून त्यात सायट्रिक आम्लाचं, म्हणजे आपल्या लिंबातल्याच आम्लाचं, सौम्य पाणी फवारत राहिले.

वास्कोची_पोर्णिमा

खाऱ्या हवेवरून आमच्या दाबोळीच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमची आठवण झाली. १९९८ पासून आहे. विमानतळावरून दहा मिनिटांवर, पण बहुतेक लोक बोगमाळो बीचवर जाताना भिंतीपलीकडून शेपट्या बघतात आणि पुढे जातात. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते.

तिथलं शॉर्ट सीलँड मला सगळ्यात प्रिय. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं छोटं दोन इंजिनांचं विमान. नौदलाच्या विमानांची सुरुवातच यांनी झाली, १९५३ मध्ये कोचीला. जगात आता तीनच सीलँड उरलीत: एक बेलग्रेडला, एक उत्तर आयर्लंडमध्ये, आणि एक आमच्याकडे. फायरफ्लाय आहे, सी हॉक आहे, अलिझे आहे. १९७१ मध्ये विक्रांतवरून कॉक्स बाजार आणि चितगावावर गेलेली ती सी हॉक. जवळ जाऊन बघितलं की कळतं इतकं छोटं विमान होतं ते.

पावसाळ्यात पंखांच्या सांध्यांशी पांढरी पूड धरते. बोटाने पुसली तर पिठासारखी हाताला लागते. तिथल्या एका कर्मचाऱ्याने मला दाखवलं होतं की विमानाच्या पोटाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती पानांनी, मातीच्या घरट्यांनी बुजली की पाणी आत साचतं आणि आतून खातं. ती भोकं मोकळी ठेवणं हेच पावसाळ्यातलं मोठं काम, असं म्हणाला.

परळचा_पक्या

विक्रांतचं नाव निघालं म्हणून लिहितो. २००१ पासून मुंबईत म्युझियम होती. शाळेच्या सहलीत गेलो होतो, हँगर डेकवर सी हॉकच्या चाकाला हात लावला होता. २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये दारूखान्याला, जहाजं तोडतात तिथे, तोडायला घेतली. बाबा गोदीत कामाला होते, ते बघायला गेले नाहीत. नंतर तिच्या लोखंडातून मोटारसायकल निघाली. लोकांनी कौतुकाने घेतली, आमच्या चाळीतही एक आहे. मला मात्र डेकवर उभं राहून वारा खायचा होता, पुन्हा एकदा.

सार्जंट_काका

मुली, तुझे बाबा मला ज्येष्ठ. मी नंतर डकोटा या मालवाहू विमानावर होतो. पण लिबरेटर आणि डकोटा, दोन्हीचं इंजिन एकाच घराण्यातलं: प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, चौदा सिलिंडर. लिबरेटरला अशी चार.

हातातल्या बोळ्याविषयी सांगतो. ही गोल इंजिनं रात्रभर उभी राहिली की तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच सुरू केलं तर दट्ट्या तेलावर आपटून दांडा वाकतो. म्हणून पहाटे दोघातिघांनी मिळून पंखा हाताने फिरवायचा, एकेक पातं खाली ओढायचं. मग गळलेलं तेल पुसायचं. तुझ्या बाबांचा फोटो सकाळचा असावा, सावल्याही लांब आहेत.

ट्रंकेत एफ-७०० चे काही कागद आहेत का बघ. विमानाची रोजची तपासणी झाली की इंजिनवाला, सांगाड्यावाला, वीजवाला, ज्याने त्याने त्यावर सही करायची, मगच पायलट सही करून विमान घेणार. पायलटच्या लॉगबुकात कोण उडलं ते कळतं. कुणामुळे उडलं ते एफ-७०० मध्ये असतं.

ओटावाची_जाई

सात समुद्रापलीकडून एक गंमतीची गोष्ट. आमच्या ओटावाच्या विमान संग्रहालयात एचई ७७३ आहे, तेही भारतातून आलेलं लिबरेटर. पण ते विकत घेतलेलं नाही, अदलाबदल झाली होती. त्याच्या बदल्यात कॅनडाने भारताला वेस्टलँड लायसँडर दिलं. आपल्या हवाईदलाच्या एक नंबर स्क्वाड्रनने बर्मात लायसँडर उडवली होती, पण दिल्लीला पालमच्या हवाईदल संग्रहालयात ठेवायला आपल्याकडे एकही उरलं नव्हतं. आज पालमला उभं आहे ते इथलं, आणि इथे उभं आहे ते तिथलं. साटंलोटं झाल्यासारखं वाटतं मला. दरवेळी गेले की माहेरच्या माणसाला भेटल्यासारखी पंखाखाली उभी राहते.

मधुमालती ताई, आईंना लंडनला न्यायच्या आधी दिल्लीला न्या. पालमला एक लिबरेटर आहे, एचई ९२४. बाबांचं नसेल, पण आपल्या देशात त्याच जातीचं ते उभं आहे.

ओझरकर_२१

मी ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं काढली. मिग-२१ चा सांगाडा आमच्याकडे, इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा घरी टीव्हीसमोर बसून पाहिलं. बायको विचारत होती डोळ्यांत पाणी का.

आता ती विमानं चौकाचौकांत उभी राहतील. राहू देत, पोरं बघतील. पण मी एका गावात चौथऱ्यावर ठेवलेलं एक छोटं लढाऊ विमान बघितलंय, गावाचं नाव लिहीत नाही. वरून ऑइलपेंट फासलेला, काचेचा घुमट उन्हाने पांढरा पडलेला, आत कबुतरं. नंबर चुकीचा, कारण रंगाऱ्याने दुसऱ्या फोटोवरून काढला. दहा वर्षांनी कुणी इतिहास लिहायला बसला तर तो त्या चुकीच्या नंबरावर भरवसा ठेवणार.

आमच्याकडे विमानापेक्षा वेगळी गोष्ट वाचवायला हवी असं मला वाटतं. फिटर लोकांच्या खिशातल्या वह्या. कुठल्या सांध्याला रिव्हेट बसत नाही, तिथे काय युक्ती करायची, रशियन ड्रॉइंगमध्ये कुठे घोळ आहे, सगळं पेन्सिलीने मराठीत लिहिलेलं. माझी आहे. माझ्या दोन मित्रांच्या वह्या रद्दीत गेल्या.

टिपणवही

ओझरकर, ती वही जपून ठेवा. हात जोडून सांगतो. आणि दोन तास बसून मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, वहीचं पान समोर धरून. तुमच्या युक्त्या वाचून दुसऱ्याला कळणार नाहीत, तुम्ही सांगितल्या तरच कळतील.

आता ताई, फोटोविषयी. लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका. मागच्या बाजूला काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. दोन्ही बाजू स्कॅन करा, कोरी असली तरी. अल्बममधल्या चिकट पानातून फोटो ओढून काढू नका. आणि बाबांच्या कागदांवर इतरांचे सर्व्हिस नंबर असतील तर ते इथे टाकू नका.

एक सावधगिरी. ट्रंकेत विमानातलं एखादं घड्याळ किंवा डायल असेल, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची, तर ती उघडू नका, पुसू नका. त्या काळच्या डायलवर रेडियमचा रंग असे. चमक गेली तरी रेडियम तसंच असतं. संग्रहालयांत अशा डायल वेगळ्या, हवेशीर जागी, मोजमाप करून ठेवतात.

आणि आकडा वाचायचा असेल तर फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन करा. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च फोटोच्या पातळीत, अगदी कडेने धरून बघा. खांद्याच्या बाजूने आकड्याची कुठलीही कड बाहेर आली असेल तर ती मोजा. याच फोटोतल्या ८ ची रुंदी तुमच्याकडे आहे, तीच पट्टी वापरा.

मधुमालती

सगळ्यांचे किती आभार मानू. डायल नाही ट्रंकेत. एफ-७०० पण नाही.

भाच्याने कॉलेजच्या स्कॅनरवर फोटो स्कॅन केला. रात्री दिवे घालवून आई, मी आणि तो, तिघं टेबलाशी बसलो. त्या उंच माणसाच्या खांद्यावर, कानाच्या खाली, एक काळी रेघ बाहेर आलेली दिसते. सरळ उभी, खालपर्यंत. ८ च्या रुंदीने मोजलं तर ती मधल्या आकड्याच्या उजव्या बाजूला पडते. शून्याची कड तिथे गोल वळायला हवी, ही वळत नाही. ७ चा पाय तिथे डावीकडे तिरपा यायला हवा, तोही नाही. मला ४ वाटतो, भाच्याला १.

म्हणजे दोन्ही नाहीत, ना लंडनचं ना ॲरिझोनाचं.

मला वाटलं आई खचेल. ती बराच वेळ फोटो हातात धरून बसली. मग म्हणाली, हा उंच म्हणजे साताऱ्याचा, आमच्या लग्नात वाढपी होता, जिलबीचं ताट घेऊन पडला होता. नाव आठवेना तिला. मग उजवीकडच्या शेवटच्या माणसावर बोट ठेवलं आणि म्हणाली, याच्या बायकोने मला पुण्यात पहिल्यांदा स्टोव्ह पेटवायला शिकवलं. मी मोबाइल चालू केला. चाळीस मिनिटं बोलली. बाबा गेल्यापासून एवढं बोलली नव्हती.

सार्जंट_काका

साताऱ्याच्या माणसाचं नाव मी विचारून बघतो. आमच्या जुन्या लोकांचा दर महिन्याला चहा असतो कॅम्पात. फोटोची एक प्रत पाठव मुली, चष्मे लावून बघतील सगळे.

टिपणवही

ताई, रेघ बघितली. ४ की १ हे मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. मधल्या जागी प्रश्नचिन्ह राहू द्या. फोटो संग्रहालयाला द्याल तेव्हा सोबत आईंचं रेकॉर्डिंगही द्या आणि नोंदीचा कागद तुम्ही स्वतः लिहा.

मधुमालती

लिहिला. आईने वाचून एक दुरुस्ती केली, ती घातली आहे:

'लिबरेटर, एचई ८?७. मधला आकडा झाकलेला; ० किंवा ७ नाही. लोहगाव, पुणे, सकाळची वेळ. सहा नंबर स्क्वाड्रनचे सात फिटर. डावीकडून दुसरे माझे वडील. चौथे साताऱ्याचे, नाव शोधत आहोत. उजवीकडून पहिल्यांच्या पत्नीने माझ्या आईला स्टोव्ह पेटवायला शिकवलं. माहिती आईने सांगितली. फोटो काढणारा या सातांत नाही, तो आठवा.'